सूक्ष्मनलिका म्हणजे पेशीची हाडे नव्हेत

पेशीतील सूक्ष्मनलिका म्हणजे पेशीची हाडे, एकदा उभी राहिली की जन्मभर भार वाहणारी, ही समजूत मुलांच्या वह्यांतून, शिकवण्यांच्या टिपणांतून आणि क्वचित पदवीधरांच्याही तोंडून इतक्या वेळा कानी येते की तिचा समाचार सविस्तर घेणे आता भाग आहे.

ट्युब्युलिन नामक प्रथिनाचे आल्फा आणि बीटा हे दोन घटक जोडीने एकत्र येतात. सुमारे ८ नॅनोमीटर लांबीच्या या जोड्या एकापुढे एक लागून धागा होतो आणि बहुधा असे १३ धागे वर्तुळाकार चिकटून २५ नॅनोमीटर व्यासाची पोकळ नळी सिद्ध होते. प्रत्येक नवी जोडी जीटीपी हे ऊर्जाद्रव्य घेऊन रुजू होते; टोकाशी ते शाबूत असेतो नळी वाढते, ते खर्ची पडले की टोक उकलते आणि क्षणापूर्वी वाढणारी नळी झपाट्याने आखडू लागते. टिम मिचिसन आणि मार्क कर्शनर यांनी ही अस्थिरता १९८४ साली 'नेचर'मध्ये सप्रमाण मांडली. मज्जापेशींच्या लांब तंतूंत काही नलिका दीर्घकाळ टिकतात हे कबूल. परंतु विभाजनाच्या वेळी बहुतेकींचे आयुर्मान मिनिटाच्या आतबाहेरच असते. हाड असे वागते काय?

ज्यांना याहून अधिक दाखला हवा, त्यांनी बेळगावच्या खासबागेत विणकरांच्या दारची सदाफुली पाहावी. तिच्यातून १९५८ साली कॅनडात नोबल आणि बीअर यांनी विनब्लास्टिन हे कर्करोगावरील औषधी द्रव्य वेगळे केले. ते ट्युब्युलिनला चिकटून नलिका रचू देत नाही, गुणसूत्रे दोन टोकांकडे ओढणारी यंत्रणा उभी राहत नाही आणि पेशी विभाजनाच्या ऐन मध्यावर अडकून पडते. याच्या नेमके उलट वागते पॅक्लिटॅक्सेल हे दुसरे औषध: सुझन हॉर्विट्झ यांच्या प्रयोगशाळेने १९७९ साली दाखविले की ते नलिकांना बळकटी देऊन उकलूच देत नाही. नलिका हाडे असत्या तर या बळकटीने पेशी धडधाकट व्हावयास हवी होती. प्रत्यक्षात तीही विभाजनात अडकते आणि मरते, कारण गुणसूत्रे शोधण्यास नलिका वाढावी लागते आणि ती ओढण्यास आखडावी लागते.

नळी पोकळ आहे म्हणून आतून माल वाहतो, हेही खरे नव्हे. कायनेसिन आणि डायनीन ही प्रथिने तो नळीच्या बाह्यांगावरून ओढतात, आणि त्यांच्या ओढीचे मोजमाप मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रूप मल्लिक यांच्या प्रयोगशाळेने केलेले आहे. वनस्पतींत सूक्ष्मनलिका नसतात, असे म्हणणाऱ्याने मागावरचे सुती सूत आठवावे: कापसाच्या तंतुपेशीत सेल्युलोजचे थर कोणत्या दिशेने बसावेत, हे याच नलिका ठरवितात.

आणि सदाफुलीची पाने चावून कर्करोग बरा होतो, हे तर कृपा करून कोणी कोणास सांगू नये. पानांत औषधी द्रव्याचा अंश अत्यल्प आणि अनिश्चित; रुग्णालयात तेच द्रव्य शुद्ध करून, मोजून शिरेतून देतात, तरीही रक्तातील पांढऱ्या पेशी घटतात आणि हातापायांस मुंग्या येऊ शकतात, कारण मज्जातंतूंतील नलिकाही त्याच ट्युब्युलिनच्या असतात. घरी अंदाजाने काढा पिणाऱ्याची मात्रा कोण मोजणार, आणि त्याच्या रक्ताची तपासणी कोण करणार?