पगारातून कर कापला, तरी हिशेब उरतोच

म्हैसूरहून टी. नरसीपूरकडे निघालं की वाटेत वरुणा लागतं. म्हैसूरच्या कंपनीत नोकरी, सुट्टीच्या दिवशी एखाद्या ग्राहकासाठी सॉफ्टवेअरचं काम आणि गावाकडे थोडी शेती, अशी मिश्र कमाई या पट्ट्यात नवलाची नाही. महाराष्ट्रातून नोकरीसाठी म्हैसूरला आलेली आपली मुलंमुलीही हल्ली पगाराच्या जोडीला स्वतःचं काही ना काही काम करतात. ते करावंच. मात्र कराबाबत या सगळ्यांच्या मनात काही समजुती इतक्या घट्ट बसल्या आहेत की, रिटर्न भरायची वेळ आली की एकदम मोठी रक्कम समोर येते आणि माणूस हबकतो.

सर्वांत महाग पडणारी समजूत अशी: ‘कंपनीने माझा टीडीएस कापला, ग्राहकानेही दहा टक्के कापले, आता काय उरलं?’ उरतं बरंच. कंपनीला फक्त तुमचा पगार ठाऊक असतो आणि ग्राहकाला फक्त त्याने दिलेली फी. प्राप्तिकर मात्र दोन्हींच्या बेरजेवर लागतो. आर्थिक वर्ष 2025-26 चे दर धरून एक उदाहरण पाहू.

एका अभियंत्याचा वार्षिक पगार साडेअकरा लाख आहे. नव्या करप्रणालीत 75 हजारांची प्रमाणित वजावट गेली की उरतात 10 लाख 75 हजार. बारा लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर पूर्ण सवलत असल्यामुळे कर शून्य, म्हणून कंपनीने एक रुपयाही कापला नाही. याच अभियंत्याला बाहेरच्या कामाचे सहा लाख मिळाले. ठरावीक व्यावसायिकांसाठी त्या वर्षीच्या कायद्यात 44एडीए या कलमाखाली अनुमानित उत्पन्नाची सोय आहे. डॉक्टर, वकील, वास्तुविशारद, माहिती तंत्रज्ञानातले लोक असे व्यावसायिक त्यात येतात. त्यांना जमा रकमेचा निम्मा भाग नफा म्हणून दाखवता येतो आणि खर्चाच्या पावत्या जपत बसावं लागत नाही. म्हणजे नफा तीन लाख. एकूण उत्पन्न झालं 13 लाख 75 हजार. बारा लाखांची रेषा ओलांडली तशी सवलत संपली आणि चार लाखांच्या पुढच्या सगळ्या उत्पन्नावर स्लॅबप्रमाणे कर लागला: 86,250 रुपये, त्यावर चार टक्के उपकर, एकूण 89,700. ग्राहकाने सहा लाखांवर दहा टक्के, म्हणजे 60 हजार कापलेले आहेत. बाकी राहिले 29,700 रुपये. नफा तीन लाखांचाच, पण त्यापायी कर जवळपास नव्वद हजार! हे आधी माहीत असलं तर माणूस कामाचा दरही विचार करून लावतो.

आणि हे 29,700 रुपये रिटर्न भरताना दिले की झालं, असंही नाही. टीडीएस वजा जाता दहा हजार किंवा त्याहून अधिक कर उरत असेल, तर अ‍ॅडव्हान्स टॅक्स भरावा लागतो. एरवी त्याचे चार हप्ते असतात: 15 जून, 15 सप्टेंबर, 15 डिसेंबर आणि 15 मार्च. अनुमानित योजना घेतलेल्याला सगळी रक्कम 15 मार्चपर्यंत एकदम भरता येते. चुकलं तर दरमहा एक टक्का व्याज. यावर एक सोपा उपाय आहे आणि तो फार थोडे लोक वापरतात: बाहेरचं उत्पन्न कंपनीला लेखी कळवा, म्हणजे कंपनी पगारातूनच जास्त टीडीएस कापते. कळवायचं की नाही हे तुमच्यावर आहे. मात्र बाहेरचं काम करायला नोकरीच्या करारात मुभा आहे का, हे आधी वाचा. म्हैसूरला मोठा परिसर असलेल्या इन्फोसिसने 2022 मध्ये अशा कामाला पूर्वपरवानगीची अट घातली होती. सरकारी नोकरांचे नियम त्याहून कडक असतात.

‘धंद्यात तोटा दाखवला की पगारावरचा कर वाचतो’ ही समजूत तर सरळ चुकीची आहे. धंद्याचा तोटा पगारातून वजा होत नाही. तो पुढची आठ वर्षं धंद्याच्याच नफ्यातून वळता करता येतो, तोही रिटर्न मुदतीत भरलं असेल तरच.

फक्त पगार असलेला माणूस दरवर्षी जुनी किंवा नवी करप्रणाली निवडू शकतो. स्वतःच्या कामाचं उत्पन्न सुरू झालं की ही मोकळीक जाते. नवी सोडून जुनीकडे गेलात, तर नवीकडे परत येता येतं, पण एकदाच. त्यानंतर धंद्याचं उत्पन्न असेपर्यंत जुनीचं दार बंद. गृहकर्जाच्या आणि विम्याच्या वजावटींसाठी जुनी प्रणाली धरून बसलेल्यांनी ही गोष्ट नीट समजून घ्यावी. रिटर्नचा नेहमीचा ‘सहज’ फॉर्मही आता चालत नाही. अनुमानित योजनेला ‘सुगम’, नाहीतर आयटीआर-3.

या भागात शेतीची एक खास गल्लत होते. टी. नरसीपूर रेशमासाठी ओळखलं जातं. तुतीचा पाला विकला तर ते शेतीचं उत्पन्न, करमुक्त. पण तोच पाला घरच्या रेशीमकीटकांना घालून कोष विकले, तर ते शेतीचं उत्पन्न ठरत नाही. सर्वोच्च न्यायालयाने तसा निर्णय दिलेला आहे. दुधाचंही तेच. शिवाय शेतीचं निव्वळ उत्पन्न पाच हजारांहून जास्त असेल आणि बाकीचं उत्पन्न करमुक्त मर्यादेच्या वर असेल, तर पगारावरचा कराचा दर ठरवताना शेतीचा आकडा हिशेबात धरतात.

जुलै 2025 मध्ये कर्नाटकात छोट्या व्यापाऱ्यांना यूपीआयच्या जमेवरून जीएसटीच्या नोटिसा गेल्या आणि यूपीआयवरच कर बसला, अशी आवई उठली. खरं तर यूपीआय हा फक्त पैसे देण्याघेण्याचा मार्ग आहे. जीएसटीची नोंदणी उलाढालीवर ठरते: सेवांसाठी वर्षाला 20 लाख, वस्तूंसाठी 40 लाख. या उलाढालीत पगार धरला जात नाही. नोकराने मालकाला दिलेली सेवा जीएसटीच्या कक्षेतच येत नाही. मात्र वस्तू परराज्यात विकणाऱ्याला 40 लाखांची सूट नाही, त्याला सहसा सुरुवातीपासूनच नोंदणी लागते.

व्यवसाय कर दोनदा भरावा लागतो, हीही एक भीती. वरुणाचे आमदार सिद्धरामय्या यांनी मुख्यमंत्री म्हणून मार्च 2025 च्या अर्थसंकल्पात पगारातून होणारी फेब्रुवारीची कपात 300 रुपये केली, त्यामुळे वर्षाचे 2,500 होतात. राज्यघटनेच्या अनुच्छेद 276 नुसार एका व्यक्तीकडून एका राज्याला वर्षाला त्याहून जास्त घेताच येत नाही, म्हणून ही भीती अनाठायी आहे.

1 एप्रिल 2026 पासून नवा प्राप्तिकर कायदा लागू झाला आहे, त्यामुळे कलमांचे क्रमांक बदलले आहेत. पगार आणि धंदा यांची बेरीज करून कर लावण्याची पद्धत मात्र तीच आहे. म्हणून बाहेरच्या कामाची पहिली फी खात्यात आली की त्याच आठवड्यात वर्षभराच्या एकूण उत्पन्नाचा अंदाज कागदावर मांडा, आणि मार्चची वाट न पाहता जानेवारीतच सीएला दाखवा.