रवाना किती, खपले किती?

परवा रविवारी सकाळी माझा नातू आणि त्याचा मित्र यांच्यात कडाक्याचे भांडण जुंपले. विषय काय, तर सोनीची 'प्लेस्टेशन २' ही व्हिडिओ गेमची यंत्रे जगात एकूण खपली किती! एक म्हणे साडेपंधरा कोटी, दुसरा म्हणे सोळा. फरक पन्नास लाखांचा. "आजोबा, तुम्ही बँकेत होतात ना? मग तुम्हीच सांगा."

मी दोनच प्रश्न विचारले. शिल्लक कोणत्या तारखेची? आणि मोजदाद कोणाच्या दारात केली? कारखान्याच्या, दुकानाच्या की गिऱ्हाइकाच्या?

पहिल्याच प्रश्नात निम्मे भांडण मिटले. साडेपंधरा कोटींचा आकडा ३१ मार्च २०१२ चा निघाला. यंत्राचे उत्पादन त्यानंतरही काही महिने चालू होते. सोळा कोटी हे सोनीने २०२४ साली सांगितले. दोघेही आपापल्या तारखेला बरोबर!

दुसरा प्रश्न अवघड. सोनी पूर्वी कारखान्यातून रवाना झालेली यंत्रे मोजत असे. निन्टेन्डो व्यापाऱ्यांना विकलेला माल मोजते. जपानचे 'फामित्सू' हे नियतकालिक दुकानांतल्या विक्रीवरून साऱ्या देशाचा अंदाज बांधते. मायक्रोसॉफ्टने तर २०१५ साली 'एक्सबॉक्स'ची संख्या सांगणेच थांबवले. पुढे २०२२ साली ब्राझीलच्या नियामकापुढे मात्र तिला लिहून द्यावे लागले, की मागच्या पिढीत सोनीने आपल्या दुपटीहून अधिक यंत्रे विकली. 'प्लेस्टेशन ४' खपली सुमारे ११ कोटी ७० लाख. म्हणजे 'एक्सबॉक्स वन' ५ कोटी ८५ लाखांच्या आतच. एकाने वही दाखवली नाही, तर दुसऱ्याच्या वहीवरून ताळा घ्यायचा, तो हा असा.

हा दुसरा प्रश्न विचारायला मी उशिरा शिकलो, आणि त्याची किंमत दुसऱ्याने मोजली.

१९९४ सालची गोष्ट. बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीजवळ आमचा एक खातेदार टीव्हीला जोडायचे व्हिडिओ गेम विकत असे. निन्टेन्डोच्या 'फॅमिकॉम'च्या त्या बिनपरवाना नकला. दिवाळीच्या तोंडावर त्याच्या स्टॉक स्टेटमेंटमध्ये विक्री झपाट्याने चढली. तेवढ्यावर मी कॅश क्रेडिटची मर्यादा वाढवण्याची शिफारस केली. जानेवारीत सातारा-सांगलीच्या दुकानांतून खोकी परत येऊ लागली. तो खोटे बोलला नव्हता. बिल फाडले की विक्री झाली, असा त्याचा हिशेब. गिऱ्हाइकाच्या घरी किती गेले, ते त्याने लिहिले नव्हते आणि मीही विचारले नव्हते. अखेर दुकान विकून त्याने कर्ज फेडले. शिफारशीखाली सही माझी होती.

निन्टेन्डोच्या हिशेबात 'फॅमिकॉम' आणि तिची परदेशी भावंडे मिळून ६ कोटी १९ लाख यंत्रे आहेत. त्यांत आमच्या पेठांमधल्या त्या नकला नाहीत. माझा मुलगा ज्या यंत्रावर मारिओ खेळला, तेही नाही. पुण्यातल्या किती घरांत ती यंत्रे होती, याचा आकडा जगातल्या कोणत्याच वहीत सापडायचा नाही.

मुलांना मी एवढेच सांगितले, की आकडा खोटा नसतानाही आपली फसगत होऊ शकते. तेव्हा आकडा ऐकला की आधी विचारा, कोणाच्या दारात मोजला?

मला त्या डिसेंबरात सातारची एस.टी. पकडून दोन दुकाने पाहून येता आली असती. भाडे फार नव्हते.