‘द मर्सी’, ‘सुहैली’ आणि आपल्या रानातली म्हादई

लोंढ्यात किंवा खानापुरात म्हादई नदीचं नाव निघालं की बोलणं लगेच कळसा-भांडुऱ्याच्या कालव्यांवर येतं. पाणी कुणाचं, कालवा कुठून, पाणीतंट्याच्या लवादाने २०१८ मध्ये कुणाला किती दिलं. याच नावाची एक शिडाची नौका एकट्या माणसाला घेऊन पृथ्वीभोवती फिरून आली, हे मात्र क्वचित कुणाच्या तोंडी येतं. शिडांच्या शर्यतीवरचा एखादा इंग्रजी चित्रपट पाहिला की आपण सहज म्हणतो, हे गोऱ्या श्रीमंतांचं जग, त्यात आपलं काय? आपलं पुष्कळ आहे. त्यासाठी ‘द मर्सी’ या चित्रपटापासूनच सुरुवात करतो, कारण त्याच्याविषयीचे समजही बरेच उलटे आहेत.

‘एका लबाड खेळाडूची गोष्ट’ असं या चित्रपटाचं वर्णन कानावर येतं. जेम्स मार्श यांचा हा २०१८ चा चित्रपट. कॉलिन फर्थने त्यात साकारलेला डोनाल्ड क्रोहर्स्ट खरोखर होऊन गेला, आणि तो मुरलेला दर्यावर्दी नव्हता. इलेक्ट्रॉनिक उपकरणांचा छोटा धंदा, तोही अडचणीत, घरी बायको आणि चार मुलं. १९६८ मध्ये ‘संडे टाइम्स’ने एकट्याने, कुठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करण्याची ‘गोल्डन ग्लोब’ शर्यत जाहीर केली. क्रोहर्स्टने तिच्यासाठी तीन सांगाड्यांची नौका बांधायला घेतली आणि पैसा उभा करताना घर व धंदा दोन्ही पणाला लावले. नौका अर्धवट तयार असतानाच ३१ ऑक्टोबरला, निघायच्या शेवटच्या दिवशी, तो निघाला. दक्षिण महासागरात ती टिकणार नाही हे त्याला लवकरच कळून चुकलं. पुढे गेलं तर मृत्यू, मागे फिरलं तर दिवाळं. तो अटलांटिकमध्येच रेंगाळत राहिला आणि डिसेंबरपासून रेडिओवर खोटी ठिकाणं कळवू लागला.

हे खोटं त्याच्यापुरतं राहिलं नाही. क्रोहर्स्ट जोरात येतोय या समजुतीने नायजेल टेट्लीने आपली मोडकळीला आलेली नौका ताणली. मे १९६९ मध्ये, घर जवळ आलेलं असताना, ती बुडाली. टेट्ली वाचला. पण आता सर्वांत जलद प्रवासाचं बक्षीस क्रोहर्स्टकडेच येणार आणि त्याची नोंदवही तपासली जाणार हे ठरल्यासारखं झालं. १० जुलैला त्याची नौका समुद्रात रिकामी सापडली. नोंदवह्या जागेवर होत्या, माणूस नव्हता. या माणसाला लबाड म्हणून मोकळं होणं मला जमत नाही. भीती आणि कर्ज यांच्या मध्ये सापडलेला माणूस कसा वागतो, हे कळायला समुद्रावर जावं लागत नाही.

चित्रपट पाहून अनेकांना वाटतं की अशा शर्यतीत सगळे एका रेषेवरून, एका इशाऱ्याला सुटतात. या शर्यतीत तसं नव्हतं. १ जून ते ३१ ऑक्टोबर या काळात ज्याने त्याने आपल्या सोयीने निघायचं. म्हणून बक्षिसं दोन होती. सर्वांत आधी परतणाऱ्याला करंडक आणि कमीत कमी दिवसांत परतणाऱ्याला ५,००० पौंड. नऊ जण निघाले, पोहोचला एकच.

तो एकटा म्हणजे रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन, आणि त्याची नौका ‘सुहैली’. आपल्याकडचा सगळ्यात मोठा गैरसमज इथेच गळून पडतो. सुमारे ३२ फुटांची ही सागवानी नौका मुंबईत बांधली गेली. १९६४ च्या अखेरीस ती पाण्यात उतरली. तिच्या फळ्या आपल्या कारागिरांनी तासल्या, जोडल्या. नॉक्स-जॉन्स्टन व्यापारी जहाजावरचा अधिकारी होता. शर्यतीसाठी त्याला नवी, वेगवान नौका हवी होती, पण पैसे जमले नाहीत, म्हणून ‘सुहैली’च घेऊन तो निघाला. १४ जून १९६८ ते २२ एप्रिल १९६९ असे ३१२ दिवस. न थांबता एकट्याने केलेली जगातली पहिली पृथ्वीप्रदक्षिणा मुंबईच्या सागवानावर झाली. दोन्ही बक्षिसं त्यालाच मिळाली आणि ५,००० पौंड त्याने क्रोहर्स्टच्या कुटुंबाला देऊन टाकले.

असाच एक समज वाऱ्याविषयीही आहे. ‘वारा पाठीमागून असला की नौका सगळ्यात जोरात पळते’ हा समज अगदी स्वाभाविक, पण चुकीचा. वारा नेमका मागून असेल तर साधी नौका वाऱ्याच्या पुढे जाऊ शकत नाही. जसा वेग वाढतो तसा शिडाला लागणारा वाराच कमी होतो. बहुतेक नौकांना खरा वेग मिळतो तो वारा बाजूने असताना. तेव्हा शीड पंखासारखं काम करतं. शीड नौकेला आडवं ढकलू पाहतं, तळाखालची जड पाती पाण्यात तिला आडवं सरकू देत नाही, आणि या कोंडीतून ती पुढे निसटते. ओली फणसाची आठळी दोन बोटांत दाबून पाहा, तेच होतं. समोरच्या वाऱ्यावर मात्र कुणालाच सरळ जाता येत नाही. वाऱ्याशी साधारण ४५ अंशांचा कोन धरून कधी डावीकडे, कधी उजवीकडे असं नागमोडी जावं लागतं. अनमोडचा घाट चढताना रस्ता जसा वळत वळत माथा गाठतो, तसंच.

आता आपल्या म्हादईकडे येतो. नदीचा उगम खानापूर तालुक्यातल्या देगावच्या रानात. गोव्यात खाली गेल्यावर तीच मांडवी होते, आणि तिच्या पात्रातल्या दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांचं जहाज बांधायचं आवार आहे. ५६ फुटांची ‘म्हादेई’ तिथे बांधली गेली. आराखडा डच, हात गोव्याचे. फेब्रुवारी २००९ मध्ये ती नौदलाला मिळाली. त्याच वर्षी १९ ऑगस्टला कमांडर दिलीप दोंदे एकटे मुंबईहून निघाले. फ्रीमँटल, लिटलटन, पोर्ट स्टॅन्ली आणि केपटाऊन असे चार मुक्काम करून ते १९ मे २०१० ला परतले. एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय. पुढे याच नौकेतून अभिलाष टॉमी यांनी २०१२-१३ मध्ये न थांबता प्रदक्षिणा पूर्ण केली. ‘म्हादेई’ ही निव्वळ नौदलाच्या सफरीची नौका, असंही कुणी समजू नये. केपटाऊन ते रिओ या शर्यतीत ती २०११ आणि २०१४ मध्ये उतरली होती.

दिवाडीच्याच आवारात ‘सुहैली’ची प्रतिकृती बांधली गेली. नाव ‘तुरिया’. गोल्डन ग्लोबच्या पन्नासाव्या वर्षी, २०१८ च्या शर्यतीत टॉमी ती घेऊन उतरले. सप्टेंबरमध्ये हिंदी महासागराच्या दक्षिणेत वादळात डोलकाठी मोडली, पाठीला जबर मार बसला, आणि फ्रेंच जहाजाने सोडवेपर्यंत ते तसेच पडून होते. पुढच्या शर्यतीत, एप्रिल २०२३ मध्ये, तेच टॉमी दुसरे आले. पहिली आली दक्षिण आफ्रिकेची कर्स्टन नॉयशेफर. ‘हा पुरुषांचा खेळ’ म्हणणाऱ्यांना एवढं पुरावं. त्याआधीच दिवाडीच्याच ‘तारिणी’तून नौदलाच्या सहा स्त्रिया २५४ दिवसांत जग फिरून आल्या होत्या.

राहिला तो लोंढ्यातला नेहमीचा मुद्दा, की आपण घाटावरचे, समुद्राशी आपला संबंध काय. २०२३ च्या आशियाई खेळांत शिडाच्या होडीत रौप्यपदक मिळवणारी नेहा ठाकूर भोपाळच्या तलावावर शिकली. तिच्या राज्याला समुद्रच नाही. आणि भारतीयाने एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करावी ही कल्पना ज्यांची, ते व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी निवृत्तीनंतर फलटणजवळच्या विंचुर्णीत राहत होते. तिथून समुद्र लोंढ्यापेक्षाही लांब आहे.