शंभरांतल्या वीस पेशी

एक घन मिलिमीटर रक्त घ्या. एवढ्याशा रक्तात निरोगी माणसाच्या साधारण ७,००० पांढऱ्या पेशी असतात. ऐन गर्दीत बारा डब्यांच्या विरार लोकलमध्ये पाच हजारांच्या आसपास माणसं कोंबलेली असतात. म्हणजे इथं जवळजवळ दीड लोकल! ल्युकेमियाच्या, म्हणजे रक्ताच्या कर्करोगाच्या, काही रुग्णांत हाच आकडा १ लाखापुढे जातो. वीस लोकल, एका घन मिलिमीटरात! तीव्र ल्युकेमियात अशी गर्दी झाली की मेंदूच्या, फुप्फुसांच्या बारीक रक्तवाहिन्या तुंबू लागतात आणि डॉक्टर सकाळ व्हायची वाट पाहत नाहीत.

आता अंगभर हिशेब करू. पाच लिटर रक्त म्हणजे ५० लाख घन मिलिमीटर. गुणिले सात हजार. साडेतीन हजार कोटी पांढऱ्या पेशी! सेकंदाला एक, अशा अहोरात्र मोजल्या तर अकराशे वर्षं लागतील. ज्ञानेश्वरांच्या जन्माआधी साडेतीनशे वर्षं मोजायला बसलेला माणूस आत्ता कुठे उठला असता.

आणि पॅथॉलॉजिस्ट बघतात किती? काचपट्टीवरच्या रंगवलेल्या रक्ताच्या थरात शंभर-दोनशे. तेवढ्यांतच पुष्कळ कळतं! ब्लास्ट म्हणजे अस्थिमज्जेतल्या कच्च्या पेशी. निरोगी रक्तात त्या दिसूच नयेत. शंभरांत वीस दिसल्या की तीव्र ल्युकेमियाची रेषा गाठली. बेसोफिल ही पांढऱ्या पेशींचीच एक जात, एरवी शंभरांत जेमतेम एक. क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमियाच्या रुग्णात त्या वीस झाल्या, तर संथ चाललेला आजार वेग घेतोय, सावध व्हा!

पण मला सगळ्यांत थक्क करतो तो दुपटीचा हिशेब. तीव्र ल्युकेमियाचं निदान होतं तेव्हा शरीरात सुमारे १ लाख कोटी रोगट पेशी असू शकतात. सुरुवात एकीपासून. एकीच्या दोन, दोनांच्या चार, चारांच्या आठ. एक रुपया असाच चाळीस वेळा दुप्पट करून बघा : १ लाख ९ हजार ९५१ कोटी रुपये! मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनचा मूळ मंजूर खर्च १ लाख ८ हजार कोटींचा. एका रुपयातून अख्खी बुलेट ट्रेन, वर जवळजवळ दोन हजार कोटी शिल्लक!

औषधांनी हजारातल्या ९९९ रोगट पेशी मारल्या तरी मागे उरतात १०० कोटी. आणि सूक्ष्मदर्शकाखाली रक्त अगदी स्वच्छ दिसतं! म्हणून फ्लो सायटोमेट्री ही चाचणी दहा हजारांतली एक रोगट पेशी हुडकते. डीएनएचा क्रम वाचणारी चाचणी तर दहा लाखांतली एक. रुपयाच्या दहा लाख नाण्यांच्या ढिगात एकच खोटं नाणं, आणि तेही सापडतं!