प्रिंटर ‘सर्व्हिस’ मागतो तेव्हा

चालू कामात इंकजेट प्रिंटर थांबून ‘सर्व्हिस रिक्वायर्ड’ असा संदेश दाखवू लागला, तर दुकानदार बांधवांनी लगेच नवे यंत्र घेऊ नये, असे आम्ही सुचवितो. हेड साफ करताना वाया जाणारी शाई यंत्राच्या तळाशी असलेल्या पॅडमध्ये जिरते. यंत्र तिचा अंदाजे हिशेब ठेवते व ठरावीक आकडा गाठताच छपाई बंद करते. कॅननच्या अनेक प्रिंटरांत ‘५बी००’ हा संकेत याचाच असतो.

सॉफ्टवेअरने हा आकडा शून्यावर आणून देणारे स्वस्तात भेटतात. परंतु पॅड जुनेच राहिले तर शाई सांडून गिऱ्हाइकाचे कागद खराब होतात. म्हणून आधी पॅड बदलावे, मगच आकडा शून्य करून घ्यावा. हेड क्लीनिंगही गरजेपुरतेच करावे. नवीन खरेदी करताना मेंटेनन्स बॉक्स स्वतः बदलता येईल, असेच मॉडेल मागावे.