फाशी सुनावली, म्हणजे निकाल लागला?

एखाद्या खून खटल्यात सत्र न्यायालयाने मृत्युदंड दिला की न्यायालयाबाहेर पेढे वाटले जातात. पुढच्या महिन्यात चहाच्या टपरीवर कोणीतरी विचारतो, ‘अजून लटकवला नाही?’ या प्रश्नामागे चीड असते आणि ती खरी असते. पण त्यामागे काही गैरसमजही असतात.

पहिला गैरसमज, सत्र न्यायालयाची फाशी लगेच अमलात येते. तसे होऊच शकत नाही. सत्र न्यायाधीशांना मृत्युदंडाचे प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवावेच लागते. आरोपीने अपील केले नाही, त्याच्याकडे वकिलाला द्यायला पैसा नसला, तरीही. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 366 मध्ये हे बंधन होते. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही ते कायम आहे. उच्च न्यायालयात किमान दोन न्यायमूर्ती सगळा पुरावा नव्याने तपासतात. शिक्षा कायम करणे, कमी करणे, फेरखटल्याचा आदेश देणे किंवा थेट निर्दोष सोडणे, हे सगळे त्यांच्या हातात असते. त्यांनी शिक्कामोर्तब करेपर्यंत ती शिक्षा अमलात आणता येत नाही.

दुसरा गैरसमज जास्त खोल रुजलेला आहे. अपील म्हणजे गुन्हेगाराने शोधलेली पळवाट, असे आपण सहज म्हणतो. असे म्हणणाऱ्या प्रत्येकाने नाशिकचे एक प्रकरण लक्षात ठेवावे.

5 जून 2003 च्या रात्री नाशिक जिल्ह्यात पेरूच्या बागेतल्या झोपडीवर दरोडा पडला. पाच जणांचा जीव गेला. घरातल्या बाईवर आणि तिच्या किशोरवयीन मुलीवर अत्याचार झाले. मुलगी वाचली नाही. आई मेली असे समजून दरोडेखोर निघून गेले, पण ती जगली. भटक्या जमातीतल्या सहा जणांना पोलिसांनी अटक केली. 2006 मध्ये सत्र न्यायालयाने सहाही जणांना फाशी सुनावली. 2007 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तिघांची फाशी कायम ठेवली आणि तिघांना जन्मठेप दिली. सरकार त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि 2009 मध्ये तिथे सहाही जणांना पुन्हा फाशी झाली. पुनर्विलोकन अर्जही फेटाळला गेला.

लोकांच्या दृष्टीने प्रकरण इथे संपले होते. देशातल्या सर्वांत वरच्या न्यायालयाचा निकाल आल्यावर आणखी काय उरते?

2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने एक महत्त्वाचा निर्णय दिला. मृत्युदंडाच्या प्रकरणातला पुनर्विलोकन अर्ज न्यायमूर्तींच्या दालनात कागदांवर निकाली काढू नये, तो खुल्या न्यायालयात, तोंडी युक्तिवाद ऐकून ठरवावा. त्यानंतर या सहा जणांचे प्रकरण पुन्हा उघडले. तेव्हा सगळ्यांपुढे आले ते असे: घटनेनंतर दोनच दिवसांनी त्या जखमी आईने पोलिसांकडच्या छायाचित्रांतून चार माणसे ओळखली होती. ती चार माणसे या सहांपैकी नव्हती. त्या चौघांना अटकच झाली नाही, आणि फिर्यादी पक्षाने ही गोष्ट न्यायालयापुढे ठेवली नाही. सहांपैकी एक जण तर गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होता, हेही मधल्या काळात सिद्ध झाले होते. 5 मार्च 2019 रोजी सर्वोच्च न्यायालयाने सगळ्यांना निर्दोष सोडले.

2009 च्या निकालानंतर घाईने दोर आवळला असता, तर ही चूक कोणी आणि कशी दुरुस्त केली असती?

‘प्रत्यक्ष साक्षीदाराने बोट दाखवले, आता शंका कसली?’ हा समजही याच प्रकरणात कोसळतो. ती बाई खोटे बोलत होती असे मला मुळीच म्हणायचे नाही. अंधार, भीती आणि डोळ्यांदेखत कुटुंब गेल्याचा आघात यांतून कोणत्याही माणसाची आठवण शाबूत राहणे कठीण. म्हणून पहिली ओळख सर्वांत मोलाची असते, आणि तीच दडवली गेली.

दयेचा अर्ज हे अपील नव्हे, हेही सांगायला हवे. राष्ट्रपती आणि राज्यपाल यांचे अधिकार संविधानाच्या अनुच्छेद 72 आणि 161 मध्ये आहेत, आणि तिथे प्रश्न शिक्षेवर दया दाखवण्याचा असतो. कोल्हापूरच्या बालहत्याकांडात दोषी ठरलेल्या दोन बहिणींची फाशी 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयात कायम झाली, 2014 मध्ये राष्ट्रपतींनी दया नाकारली. तरीही जानेवारी 2022 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती जन्मठेपेत बदलली. कारण त्या निरपराध ठरल्या असे नाही. दयेच्या अर्जावर सरकारने वर्षानुवर्षे विनाकारण विलंब लावला. दिरंगाईचा राग आपण आरोपीच्या वकिलावर काढतो, पण इथे ती सरकारी दप्तरात झाली होती.

आणि जन्मठेप म्हणजे चौदा वर्षे नव्हेत. जन्मठेप आयुष्य संपेपर्यंत असते. ज्या गुन्ह्याला फाशीही होऊ शकते, त्यात चौदा वर्षे प्रत्यक्ष तुरुंगात काढल्याशिवाय सुटकेचा विचारही करता येत नाही, एवढाच त्या आकड्याचा अर्थ. 1980 च्या बच्चन सिंग निकालापासून खुनासाठी जन्मठेप हा नियम आणि फाशी हा अपवाद आहे.

नाशिकच्या त्या सहा जणांना प्रत्येकी पाच लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश महाराष्ट्र सरकारला झाला. तोवर त्यांची सुमारे सोळा वर्षे तुरुंगात गेली होती. आईने ओळखलेल्या चौघांवर त्या सोळा वर्षांत खटलाच चालला नव्हता.