जंतूंचे दप्तर

दुधात वा चीजमध्ये शिरलेल्या जंतूची जात ठरविण्यासाठी सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ पिढ्यान्‌पिढ्या ज्या कसोट्या लावीत आले, त्या रंजनाच्या, शर्करा आंबविण्याच्या आणि रक्तरसाच्या कसोट्यांचा निकाल हाती येईपर्यंत माल पुष्कळदा बाजारात रुजू झालेला असतो. अवरक्त वर्णपटमापक जंतूला रंगवीत नाही की काही खाऊ घालीत नाही. तो त्याच्यातून अवरक्त किरण जाऊ देतो आणि त्यांतले कोणते शोषले गेले, एवढेच टिपून ठेवतो. रेणूंतील बंध अखंड कंप पावत असतात व आपल्या कंपनाशी जुळणारेच किरण शोषतात. त्यामुळे दर सेंटिमीटरला ३००० ते २८०० तरंगांच्या पट्ट्यात मेदाम्ले, १७०० ते १५०० मध्ये प्रथिने आणि १२०० ते ९०० मध्ये मुख्यत्वे बहुशर्करा आपली साक्ष देतात. यांतला शेवटचा पट्टा मला सर्वांत बोलका वाटतो, कारण साल्मोनेलासारख्या जंतूंच्या एकाच जातीतील पोटभेद पुष्कळदा त्यांच्या बाह्य आवरणावरील शर्करांतच असतात.

बर्लिनच्या रॉबर्ट कॉख संस्थेतील डीटर नाउमान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ साली ‘नेचर’मध्ये या पद्धतीची मांडणी केली. पुढे म्युनिकजवळच्या वाइहेनश्टेफान येथे, जिथे एकेकाळी बेनेडिक्टाइन साधू बिअर गाळीत, तिथे झीगफ्रीड शेरर यांच्या प्रयोगशाळेने अन्नातील यीस्टच्या आणि नंतर लिस्टेरियाच्या वर्णपटांचे संग्रह सिद्ध केले. यंत्राची खरी दौलत हे संग्रहच होत. नवा वर्णपट जुन्या नोंदींशी ताडून पाहिल्यावाचून यंत्राला निवाडा देता येत नाही. आणि दप्तरी दाखल नसलेला जंतू समोर आला, तर ते फार तर त्याच्या जवळच्या नातलगाकडे बोट दाखवील. शिवाय संग्रहातील नमुने ज्या माध्यमात, ज्या तापमानात आणि जितके तास वाढविले, त्याच शिस्तीने नवा नमुनाही वाढवावा लागतो. आहार बदलला की पेशीची घडण बदलते, आणि वर्णपटही. पाणी प्रथिनांच्या पट्ट्यावरच आपली गर्द छाया टाकीत असल्याने जंतूंचा पातळ थर झिंक सेलेनाइडच्या तबकडीवर वाळवून घेण्याचा उपचारही चुकत नाही. तेव्हा ‘काही मिनिटांत ओळख’ ही यंत्रविक्रेत्यांची ग्वाही अर्धीच खरी मानावी: मापन मिनिटांचे असले, तरी शुद्ध संवर्धनाची रात्र वाट पाहायला लावतेच.

ती रात्र टाळण्याची आशा ज्या दुसऱ्या शाखेकडून केली जाते, तिचा मूळ परिणाम चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२८ मध्ये कलकत्त्यात शोधून काढला. विखुरलेला प्रकाश तपासणाऱ्या या रामन वर्णपटमापनात पाण्याचा अडथळा फारसा नसतो, आणि सूक्ष्मदर्शकाला लेसर जोडला की एकट्या पेशीचाही वर्णपट मिळू शकतो. मात्र विखुरलेल्या प्रकाशातील अत्यल्प अंशच आपली तरंगलांबी बदलतो आणि अन्नपदार्थांच्या अनुस्फुरणात तोही पुष्कळदा बुडून जातो. याला सुखद अपवाद बीजाणूंचा: दुधाच्या पाश्चरीकरणातूनही तगून राहणाऱ्या बॅसिलस सेरियसच्या बीजाणूंत कॅल्शियम डायपिकोलिनेट इतके भरलेले असते की त्याची रेषा रामन वर्णपटात ठळकपणे उमटते.